बोटांचा हिशेब आणि बीडचा कोयता

अंगठा ३०, तर्जनी १४, मध्यमा १२, अनामिका किंवा करंगळी ७.

ही टक्केवारी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील, पुढील दुरुस्त्यांनंतरची आहे. कामावर ते बोट पूर्ण तुटले, तर मजुराची कमावण्याची शक्ती किती घटली हे तिच्यावरून ठरत असे. प्रथम वाचताना अंगावर काटा येतो. पण या कोरड्या तक्त्यासाठी लोक झगडले होते.

मुंबईचे प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये खुले झाले, व्हिक्टोरिया १८८८ मध्ये, अलेक्झांड्रा १९१४ मध्ये. साखळीने उतरणारा चिरा जागी बसवताना खाली हात राहिला, की बोटे चिरडलीच. १८५५ च्या कायद्याने मृताच्या कुटुंबाला दावा करता येई. हात गमावून जगलेल्याला त्या कायद्यात काहीच नव्हते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने मागणी केली : जखमी कामगारास बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा जायबंदी झाल्यास निर्वाहाची तरतूद. कायदा अमलात आला तो १ जुलै १९२४ रोजी. मधली चाळीस वर्षे आपण फार सहज ओलांडतो.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे आपोआप लागू नव्हता. पण मला अधिक बोचते ते दुसरे परिशिष्ट, म्हणजे कोणती कामे कायद्यात येत त्यांची यादी. तीत जहाजांचा धक्का, समुद्राची भिंत व अन्य सागरी बांधकाम होते. ठरावीक उंचीचे धरणही होते. ट्रॅक्टरने वा यंत्रशक्तीने केलेली शेतीही होती. म्हणजे माजलगाव धरणाच्या बांधकामावरचा मजूर यादीत बसत होता. त्याच तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्याचे हाताचे काम तीत नावाने सापडत नव्हते.

ऊसतोडीत डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्याने बुडाशी घाव घालायचा. पहाटेच्या अंधारात, दवाने ओल्या पाचटात घाव निसटला, की डाव्या हाताची बोटे सापडतात. नवरा-बायकोच्या जोडीलाही ‘एक कोयता’च म्हणतात, आणि मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते. एकाचा हात बांधला गेला की सारा कोयता थांबतो. कामाचा खाडा हिशेबात धरला जातो आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते.