बॅरेट्स इसोफेगस: वर्षानुवर्षांच्या ॲसिडिटीने अन्ननलिकेत काय बदलतं?

रात्री उशिरा जेवण, लगेच अंथरूण आणि मध्यरात्री छातीत जळजळ. थंड दूध प्यायलं किंवा मेडिकलमधून आणलेली गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. अनेकांचं वर्षानुवर्षं असंच चालू असतं.

बहुतेकांचा त्रास जळजळीपुरताच राहतो. काहींच्या अन्ननलिकेचं आतलं अस्तर मात्र या काळात बदलत जातं. मग एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'बॅरेट्स इसोफेगस' असे शब्द येतात. इंटरनेटवर शोधल्यावर 'कर्करोगपूर्व अवस्था' असा अर्थ सापडतो आणि झोप उडते. हा बदल नेमका काय आहे आणि त्याला किती घाबरायचं?

आम्ल वर का येतं?

अन्ननलिका ही साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी असते. ती जठराला जिथे मिळते, तिथे स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ही झडप सैल पडली, तर जठरातलं आम्ल वर येतं. पोटावरची चरबी, गरोदरपण आणि हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकणं, यामुळे हा त्रास वाढतो.

आम्ल सहन करण्यासाठी जठराला खास अस्तर असतं, अन्ननलिकेला नसतं. म्हणूनच जळजळ होते.

अस्तर बदलतं म्हणजे काय होतं?

निरोगी अन्ननलिकेच्या आत चपट्या पेशींचे थर असतात. ते सतत भाजत राहिले, तर काहींच्या शरीरात त्या जागी आतड्यासारख्या उभट पेशी तयार होतात. एंडोस्कोपीत फिकट गुलाबी अस्तराच्या जागी तांबूस पट्टे दिसतात. नक्की निदान मात्र तिथला छोटा तुकडा काढून तपासल्यावरच, म्हणजे बायोप्सीनेच होतं.

लंडनमधले शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये यावर लेख लिहिला. तो भाग म्हणजे छातीत ओढलं गेलेलं जठर आहे, असं तेव्हा त्यांचं मत होतं. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचं दाखवून दिलं. पुढे बॅरेट यांनीही ते मान्य केलं. नाव मात्र त्यांचंच राहिलं.

या आजाराची एक बाजू फसवी आहे. नव्या पेशी आम्ल जास्त सहन करतात, त्यामुळे काहींची जळजळ उलट कमी होते. त्रास थांबला म्हणजे आजार गेला, असं धरून चालता येत नाही.

कर्करोगाचा धोका किती?

हे रिपोर्टमधल्या 'डिस्प्लेसिया' या शब्दावर ठरतं. डिस्प्लेसिया म्हणजे पेशींची रचना बिघडू लागणं.

- डिस्प्लेसिया नसेल तर: वर्षाला १,००० रुग्णांपैकी साधारण १ ते ५ जणांना कर्करोग होतो. म्हणजे बहुतेकांना तो कधीच होत नाही.
- सौम्य डिस्प्लेसिया: धोका वाढतो. दुसऱ्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा तपासून घेतात, कारण नुसत्या सुजेमुळेही पेशी अशा दिसू शकतात.
- तीव्र डिस्प्लेसिया: वर्षाला १०० पैकी साधारण ६ ते ७ जणांना कर्करोग होतो. इथे उपचार लांबवत नाहीत.

कोणी तपासून घ्यावं?

जळजळ असलेल्या प्रत्येकाला एंडोस्कोपी लागत नाही. पाच वर्षांहून जुना त्रास, पुरुष असणं, पन्नाशी ओलांडलेली, सुटलेलं पोट, धूम्रपान आणि घरात कोणाला हा आजार किंवा अन्ननलिकेचा कर्करोग, यातल्या अनेक गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टरांशी बोलावं.

भारतात बॅरेट्स पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. इथे अन्ननलिकेचा जो कर्करोग जास्त दिसतो, तो तंबाखू आणि दारूशी जोडलेला वेगळ्या प्रकारचा आहे. त्यामुळे तंबाखू सोडणं दोन्हीकडून फायद्याचं.

उपचार काय असतात?

आम्ल कमी करण्यासाठी ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या गोळ्या देतात. त्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. जेवणानंतर घेतल्यास परिणाम कमी होतो. अचानक बंद केल्यास काही दिवस आम्ल उसळू शकतं. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ किंवा मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टर अधूनमधून रक्ततपासणी सांगू शकतात.

डिस्प्लेसिया नसेल, तर ठरावीक काळाने एंडोस्कोपी हाच मुख्य उपाय. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बदललेला भाग ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ५ वर्षांनी, ३ किंवा जास्त असेल तर ३ वर्षांनी तपासणी करतात.

डिस्प्लेसिया आढळल्यास पोट न उघडता, दुर्बिणीतूनच खराब भाग काढता येतो किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळता येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत तीव्र डिस्प्लेसिया असलेल्या ८१ टक्के रुग्णांमध्ये या उष्णतेच्या उपचाराने तो नाहीसा झाला. काहींची अन्ननलिका नंतर अरुंद होते, ती दुर्बिणीतून रुंद करता येते. उपचारानंतरही तपासणी चालूच ठेवावी लागते.

घरी काय करता येईल?

- रात्रीचं जेवण आणि झोप यात किमान तीन तास ठेवावेत.
- पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो.
- डाव्या कुशीवर झोपावं.
- वजन जास्त असेल तर उतरवावं. नाडी किंवा पट्टा घट्ट बांधू नये.
- चहा, तळलेलं, झणझणीत, आंबट यातलं काय बाधतं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. दोन आठवडे नोंद ठेवली की लक्षात येतं. सगळंच बंद करायची गरज नसते.

या सवयींनी आम्लाचा त्रास कमी होतो. बदललेलं अस्तर त्याने पूर्ववत होईल, असं मात्र समजू नये.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावं?

घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा रक्त कमी होणं, ही लक्षणं असतील तर थांबू नये. छातीत दुखून घाम येत असेल, दम लागत असेल किंवा कळ हात-जबड्याकडे जात असेल, तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

रिपोर्टवर 'बॅरेट्स' दिसलं, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: डिस्प्लेसिया आहे का? बदललेला भाग किती लांब आहे? पुढची एंडोस्कोपी कधी? उत्तरं रिपोर्टवरच लिहून ठेवावीत आणि फाइल जपून ठेवावी. पुढच्या तपासणीत तुलना करायला हीच फाइल लागते.