मैदान कुणाला विचारून दुरुस्त होतं?

आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत एक जुनं मैदान असतं. एका कोपऱ्यात गंजलेली घसरगुंडी, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा, मधोमध मंडपासाठी खणलेले खड्डे. चार-पाच वर्षांनी, साधारण निवडणुकीच्या आधी, त्याचं ‘सुशोभीकरण’ होतं. पेव्हर ब्लॉक बसतात, कमान उभी राहते, कमानीवर नावं झळकतात. मुलं जिथे क्रिकेट खेळायची तिथे कारंजं येतं आणि वर्षभरात बंद पडतं. या सगळ्यात तिथे रोज खेळणाऱ्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

आपल्या मैदानाचं काय करायचं हे आम्हालाही विचारा, ही मागणी मात्र जुनी आहे. मुंबईत ती 1881 साली लेखी अर्जाने झाली होती. त्या अर्जाचं पुढे काय झालं, हे आज आपण समजून घ्यायला हवं.

मुंबईच्या किल्ल्याबाहेर एक मोठी मोकळी जागा होती. शत्रू आला तर तोफांच्या माऱ्यात अडथळा नको, म्हणून तिथे बांधकामाला मनाई होती. तिला एस्प्लनेड म्हणत. 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, शहर बाहेर सरकलं आणि या जागेचे तुकडे झाले. आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याच एस्प्लनेडचे उरलेले भाग.

इथे देशी पोरं क्रिकेट खेळू लागली. पारशांनी 1848 मध्येच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. पुढे हिंदू आणि मुसलमान तरुणांचेही क्लब निघाले. मैदानाच्या दक्षिण टोकाला 1875 मध्ये बॉम्बे जिमखाना उभा राहिला. तो फक्त गोऱ्यांसाठी होता. जिमखान्याच्या सभासदांना क्रिकेटबरोबर पोलोही खेळायचा होता. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडते, जमिनीला खड्डे पडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून स्वतःच्या राखलेल्या हिरवळीवर ते घोडे आणत नसत. पोलो व्हायचा तो देशी मुलांच्या वाट्याच्या मैदानावर. दुसऱ्या दिवशी तिथे चेंडू कसाही उसळायचा. कुणाचा दात पडेल, कुणाचा डोळा जाईल, याचा नेम नव्हता.

तेव्हा शेकडो देशी खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यातला युक्तिवाद साधा होता. पोलो खेळणारे मूठभर आहेत, क्रिकेट खेळणारे शेकडो आहेत, आणि मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचं मैदान खराब होतंय. पोलो दुसरीकडे न्या, इतकंच मागणं होतं. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमीने पुढे 1897 मध्ये या सगळ्या झगड्याची हकीकत पुस्तकरूपाने छापली, म्हणून आज ती आपल्याला कळते. सरकारने आधी देशी खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला. मग जिमखान्याने आपलं वजन वापरलं आणि थोड्याच काळात तो निर्णय फिरला. घोडे परत आले.

मात्र अर्ज अगदीच वाया गेला असंही नाही. देशी माणसांना खेळायला जागा हवी, हा प्रश्न आता सरकारला टाळता येईना. त्यावर सरकारने जे उत्तर काढलं ते नीट पाहण्यासारखं आहे. समुद्रकाठी केनेडी सी फेसवर आधी पारशी जिमखान्याला जमीन मिळाली. मग लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, 1890च्या दशकात, इस्लाम जिमखान्याला आणि हिंदू जिमखान्याला मिळाली. मरीन ड्राइव्हवर हे तिन्ही जिमखाने आजही एका रांगेत दिसतात. इस्लाम जिमखान्याच्या स्थापनेत बद्रुद्दीन तय्यबजी पुढे होते. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक आणि 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले हेच ते तय्यबजी. मुसलमान मुलांनी शिकावं आणि खेळावंही, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी मिळालेली जमीन त्यांनी का नाकारावी? त्या काळात कुणीही नाकारली नसती.

तरीही हिशेब मांडायला हवा. अर्ज गेला तेव्हा मागणारे सगळे ‘देशी खेळाडू’ होते. जागा मिळाली तेव्हा ते पारशी, मुसलमान आणि हिंदू झाले होते. मागणी होती सर्वांच्या मैदानाच्या देखभालीची. मिळाली प्रत्येकाला वेगळी हिरवळ, वेगळं कुंपण आणि वेगळी सभासद यादी. पुढे संघही त्याच धर्तीवर पडले. 1912 मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी सामने सुरू झाले. 1937 मध्ये ‘द रेस्ट’ हा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. 1946 मध्ये ते बंद पडले. त्या सामन्यांनी उत्तम खेळाडू दिले, हे खरंच. पण एका खराब मैदानाबद्दल सगळ्यांनी मिळून केलेली तक्रार मात्र मागे पडली.

गंमत अशी की मुंबईचं क्रिकेट मोठं झालं ते त्या सामाईक, धुळीच्या तुकड्यांवरही. आझाद मैदानावर एका वेळी वीसेक खेळपट्ट्यांवर सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टीरक्षकाशेजारी उभा असतो. याच मैदानावर 1988 मध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली. मैदानाजवळच्या अंजुमनच्या शाळेत शिकणाऱ्या, बेस्टच्या बसचालकाच्या मुलाने, वसीम जाफरने, शालेय क्रिकेटमध्ये नाबाद 400 केल्या. यातल्या कुठल्याच पोराला मैदानात उतरण्यासाठी जिमखान्याचं सभासदत्व लागलं नाही.

मैदान म्हातारं झालं की काय करायचं, याचं एक उत्तर याच परिसरात आहे. सुमारे 22 एकरांचं ओव्हल मैदान 1990च्या दशकात पार उजाड झालं होतं. कचरा, गर्दुल्ले, अंधार. आजूबाजूच्या रहिवाशांची संघटना त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि देखभालीत स्वतः उतरली. हिरवळ आली, कुंपण आलं, मधला पायरस्ता राहिला. महत्त्वाचं म्हणजे लांबून लोकलने येणाऱ्या पोरांना तिथे आजही खेळता येतं. 2018 मध्ये ओव्हलभोवतीच्या इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला. पण ओव्हलसमोर राहणाऱ्यांकडे वकील होते, वेळ होता, ओळखी होत्या. ज्या वस्तीत हे काहीच नाही तिचं काय?

तिचं उत्तर मुंब्र्यातल्या मुलींनी दिलं. 2012च्या सुमारास ‘परचम’ या गटाने तिथे मुलींचं फुटबॉल सुरू केलं. मैदानं होती, पण ती मुलांनी व्यापलेली. मुलींनी दारोदार जाऊन सह्या गोळा केल्या आणि आम्हालाही खेळायला जागा द्या, ही मागणी लोकप्रतिनिधींसमोर मांडली. 1881च्या अर्जात बायकांच्या खेळाचा विषयच नव्हता. मुंब्र्यातल्या कागदाने तो आणला.

शिक्षक म्हणून मला यात एक व्यवहाराची गोष्ट दिसते. मैदानाच्या दुरुस्तीचं काम निविदेपासून सुरू होतं, तिथेच चूक होते. सुरुवात विचारण्यापासून व्हायला हवी. सकाळी, दुपारी आणि मगरिबच्या आधी मैदानात जाऊन पाहा, कोण येतं आणि कोण येत नाही. जे येत नाहीत त्यांना का येत नाही ते विचारा. मुलगी म्हणेल, दिवा नाही आणि शौचालय नाही. आजी म्हणेल, बसायला बाक नाही. मुलगा म्हणेल, पेव्हर ब्लॉक काढा, पडलो की गुडघे फुटतात. शाळेतल्या मुलांना मैदानाचा नकाशा काढायला सांगा, तो वस्तीला दाखवा आणि मग वॉर्ड ऑफिसात जा.

आणि जाताना फक्त आपल्या गल्लीच्या, आपल्या जमातीच्या सह्या घेऊन जाऊ नका. ‘तुम्हाला वेगळी जागा देतो’ हे उत्तर सरकारला नेहमी सोपं वाटतं. एकत्र मागणारे वेगळे झाले की मूळ मैदान तसंच पडून राहतं. म्हणून पुढचा सुशोभीकरणाचा फलक लागण्याआधी तुमच्या मैदानाचा अर्ज गेलेला असू द्या. त्यावर शेजारच्या बौद्धवाड्यातल्या, पलीकडच्या चाळीतल्या आणि आपल्या मोहल्ल्यातल्या मुलामुलींची नावं एकाखाली एक असू द्यात.