वेगाच्या देवाला अर्पण

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे नगर आहे. तेथील बर्ट मन्रो (१८९९–१९७८) ह्या कारागिराच्या खोपटात भिंतीला एक फळी होती. फुटलेले पिस्टन आणि यंत्राचे इतर निकामी भाग तिच्यावर मांडून ठेवलेले असत, आणि तेथे अक्षरे होती : 'वेगाच्या देवाला अर्पण'. आयुष्यभर पहिली आज्ञा शिकवीत आलेल्या माझ्यासारख्या धर्मगुरूच्या कपाळाला हे वाचून आठ्या पडाव्यात, हे ओघानेच आले. पण त्या फळीची हकिकत कळली आणि आठ्या काहीशा सैलावल्या.

मन्रो शेतकरी घरातला. १९२० साली त्याने 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल घेतली. (नावावरून वाचकांचा गैरसमज न व्हावा, ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी बनलेली होती आणि 'इंडियन' म्हणजे तेथील मूळ रहिवासी.) ६०० सी.सी.चे इंजिन, वेग ताशी जेमतेम ५५ मैल. १९२६ पासून त्याने ह्या गाडीत फेरफार करावयास आरंभ केला आणि पुढील चार दशके तो थांबला नाही. दिवसा मोटारसायकली विकाव्यात, रात्री आपल्या गाडीशी झुंजावे, असा त्याचा क्रम असे.

हवे ते सुटे भाग बाजारात मिळत नव्हते, आणि करवून घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा त्याने ते हातांनीच घडविले. धातू वितळवून जुन्या डब्यांच्या साच्यात पिस्टन ओतले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कोरून काढले. मोजमापासाठी मायक्रोमीटरच्या जागी चाकाचा एक जुना स्पोक! पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो; ओतकामात हवेचा लहानसा बुडबुडा राहिला तरी नेमका तेथूनच तडा जातो. एका रात्रीत ओतलेले एका धावेत फुटे. मग ते फळीवर जाई आणि भट्टी पुन्हा पेटे.

मलाखी संदेष्ट्याने लंगडी व रोगट जनावरे वेदीवर आणणाऱ्यांची कठोर निर्भर्त्सना केली आहे. वरवर पाहता मन्रोची फळीही तशीच : सारे मोडके. परंतु त्या लोकांनी चांगले घरी ठेवून वाईट वाहिले होते. ह्याने मात्र आपल्याजवळचे सर्वोत्तम तेच यंत्रात घातले होते. मोडले ते त्यानंतर. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

तरीही एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. मन्रोला चार अपत्ये होती. १९४७ साली त्याचा घटस्फोट झाला आणि पुढे तो त्या खोपटातच एकटा राहू लागला. परक्या संसाराची कारणे दुरून ठरविणे योग्य नव्हे. परंतु रात्रीमागून रात्री भट्टीपाशी जातात, तेव्हा घरातील कोणाला तरी त्यांची किंमत मोजावी लागते, हे कुटुंबांत वावरणाऱ्या पुरोहिताला सांगावे लागत नाही. त्या किमतीची नोंद फळीवर नव्हती.

१९६२ साली तो अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पोहोचला आणि त्याने ताशी १७८ मैलांहून अधिक वेग गाठला. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्याच सत्तेचाळीस वर्षांच्या जुन्या गाडीने १,००० सी.सी.खालील गटात ताशी १८३.५९ मैलांचा विक्रम नोंदविला. इंजिन आता ९५० सी.सी.चे झाले होते.

२००५ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. पुढे त्याच्या मुलाला १९६७च्या हिशेबात चूक आढळली : दोन दिशांच्या धावांची सरासरी काढताना आकडा चुकला होता. २०१४ साली अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने दुरुस्ती मान्य केली. खरा वेग १८४.०८७ मैल होता.