जुना मॅकबुक वापरात आणताना: आधी साल, मग दुरुस्ती

ॲपलने इंटेल प्रोसेसर असलेला पहिला मॅकबुक प्रो जानेवारी २००६ मध्ये जाहीर केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपचे लॅपटॉप आणले. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळातील असंख्य यंत्रे आज जुन्या मालाच्या बाजारात, कार्यालयांच्या अडगळीत आणि घरातील कपाटांत पडून आहेत. यांपैकी कित्येक यंत्रे ‘मेली’ म्हणून बाजूला ठेवलेली असतात. प्रत्यक्षात दोष चुकलेल्या घड्याळाचा, झिजलेल्या केबलचा किंवा संपलेल्या बॅटरीचा असतो. उलट, बाहेरून लखलखीत दिसणारे एखादे यंत्र पूर्वीच्या मालकाच्या कुलपामुळे कायमचे निरुपयोगी ठरू शकते. या दोहोंतील फरक ओळखण्याची सुरुवात यंत्राच्या सालापासून होते. कोणती प्रणाली चालेल, कोणता भाग बदलता येईल आणि कोणती कळ दाबावी, हे सारे सालावर अवलंबून असते.

साल कसे ओळखावे

यंत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक छापलेला असतो. मात्र केवळ त्यावर विसंबून राहू नये. ‘ए१२७८’ हा क्रमांक २००८ च्या अखेरीस आलेल्या ॲल्युमिनियमच्या मॅकबुकवर आहे आणि २०१२ च्या १३ इंची मॅकबुक प्रोवरही आहे. दिसायला ही यंत्रे जुळी भावंडे वाटली, तरी २००८ आणि २००९ ची यंत्रे एल कॅपिटन प्रणालीपाशी थांबतात, २०१० आणि २०११ ची हाय सिएरापर्यंत जातात आणि २०१२ चे यंत्र कॅटालिनापर्यंत पोहोचते. विक्रेते अनेकदा एवढाच क्रमांक सांगतात. म्हणून यंत्र सुरू होत असल्यास डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या मेनूतून ‘अबाऊट धिस मॅक’ उघडून साल पाहावे. सुरू होत नसल्यास तळावरील अनुक्रमांक ॲपलच्या संकेतस्थळावर भरावा.

त्यापुढील प्रणालींची मर्यादा साधारण अशी आहे:

• बिग सर: मॅकबुक एअर २०१३ पासून, मॅकबुक प्रो २०१३ च्या अखेरीपासून
• मॉन्टेरे: एअर आणि प्रो, दोन्ही २०१५ च्या सुरुवातीपासून
• व्हेंच्युरा: प्रो २०१७ पासून, एअर २०१८ पासून
• सोनोमा: प्रो आणि एअर, दोन्ही २०१८ पासून
• सिक्वोया: प्रो २०१८ पासून, एअर २०२० पासून

२०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल यंत्रांसाठीची शेवटची प्रणाली आहे आणि तीही मोजक्याच मॉडेलांवर चालते.

सर्वप्रथम बॅटरी

यंत्र टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल, ट्रॅकपॅड दाबला जात नसेल किंवा तळाचे झाकण उचललेले दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे असे समजावे. अशा यंत्राला चार्जर लावू नये, बॅटरीवर दाब देऊ नये आणि टोकदार वस्तूने ती उचकटण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. १५ इंची, २०१५ च्या मध्यास आलेल्या रेटिना मॅकबुक प्रोबाबत विशेष सावधगिरी हवी. प्रामुख्याने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकल्या गेलेल्या या मॉडेलच्या काही बॅटऱ्या तापून पेट घेण्याचा धोका असल्याने ॲपलने जून २०१९ मध्ये त्या मोफत बदलून देण्याची योजना जाहीर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही सदोष बॅटरीचे असे यंत्र विमानातून नेऊ नये, असे प्रवाशांना सांगितले होते. असे यंत्र हाती आल्यास अनुक्रमांक तपासल्याखेरीज ते वापरू नये.

बॅटरी शाबूत असेल, तर ‘सिस्टिम रिपोर्ट’मधील ‘पॉवर’ या भागात तिची आवर्तने पाहावीत. २००९ नंतरच्या बहुतेक मॉडेलांसाठी ॲपलने १००० आवर्तनांची मर्यादा धरली आहे. बॅटरी काढून टाकून केवळ चार्जरवर यंत्र चालवण्याचा मार्ग पुष्कळजण पत्करतात. परंतु बॅटरी नसल्याचे कळताच यंत्र प्रोसेसरचा वेग स्वतःहून उतरवते. ‘मशीन फार संथ झाले’ या तक्रारीमागे कित्येकदा हेच कारण असते.

चार्जरबाबतही साल महत्त्वाचे ठरते. २००६ ते २०१२ मधील मॅगसेफ आणि २०१२ नंतरचा मॅगसेफ २ यांची टोके एकमेकांना जुळत नाहीत. एअरला ४५ वॅट, १३ इंची प्रोला ६० वॅट आणि १५ इंची प्रोला ८५ वॅटचा चार्जर लागतो. टोक जुळत असल्यास अधिक वॅटचा चार्जर चालतो. कमी वॅटचा मात्र पुरा पडत नाही. चार्जरचा दिवा लागत नसेल, तर टोकातील बारीक पिना पाहाव्यात. गोवा आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत त्यांवर गंज धरतो किंवा एखादी पिन आतच अडकून राहते. चार्जर काढून कोरड्या मऊ ब्रशने त्या साफ केल्यास अनेकदा काम भागते. यंत्रात पाणी गेले असल्यास ते चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतील बोर्डावरचा क्षार जात नाही.

पैसे देण्यापूर्वी कुलूप पाहावे

जुना लॅपटॉप विकत घेताना तीन कुलुपे तपासावीत. पहिले फर्मवेअरचे. यंत्र सुरू करताना ऑप्शन कळ दाबून धरावी. पडद्यावर कुलपाचे चित्र आणि पासवर्डची चौकट आली, तर यंत्र बंद कुलपातले आहे. हे कुलूप डिस्क बदलूनही जात नाही. मूळ खरेदीची पावती दाखवल्यास ॲपल किंवा तिचे अधिकृत सेवा केंद्र ते उघडते. दुसरे ॲक्टिव्हेशन लॉक. २०१८ पासूनच्या टी२ चिपच्या यंत्रांत ते आढळते आणि पूर्वीच्या मालकाने आपले खाते काढल्याशिवाय सुटत नाही. तिसरे फाइलव्हॉल्ट, यात डिस्कवरील मजकूर सांकेतिक रूपात असतो. डिस्क पुसून यंत्र वापरता येते, पण पासवर्ड किंवा रिकव्हरी की नसेल तर जुना मजकूर परत मिळत नाही. घरातील दिवंगत व्यक्तीचा लॅपटॉप असेल, तर छायाचित्रे व कागदपत्रे याच टप्प्यावर कायमची गमावली जाण्याची शक्यता असते. म्हणून पासवर्डचा शोध संपेपर्यंत ‘इरेज’ हे बटण दाबू नये.

यंत्र सुरूच होत नसेल तर

प्रथम चार्जर लावून अर्धा तास थांबावे. त्यानंतर एसएमसी, म्हणजे वीज, पंखे आणि चार्जिंग सांभाळणारा नियंत्रक, पूर्ववत करावा. त्याची रीत सालाप्रमाणे बदलते:

• बॅटरी सहज निघणारी जुनी यंत्रे: चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचे बटण ५ सेकंद दाबावे.
• बॅटरी आत बसवलेली, २०१७ पर्यंतची यंत्रे: यंत्र बंद असताना डावीकडील शिफ्ट, कंट्रोल आणि ऑप्शन यांसह पॉवरचे बटण १० सेकंद धरावे.
• टी२ चिपची यंत्रे: डावे कंट्रोल, डावे ऑप्शन आणि उजवे शिफ्ट ७ सेकंद धरून, त्या न सोडता पॉवरचे बटण आणखी ७ सेकंद धरावे.

याने फरक न पडल्यास यंत्र सुरू करताच ऑप्शन, कमांड, पी आणि आर या चार कळा सुमारे २० सेकंद धरून एनव्हीरॅम पुसावी. या दोन्ही कृतींत कोणतीही फाइल नष्ट होत नाही.

आवाजही निदानाला मदत करतो. दर ५ सेकंदांनी एकेक बीप येत असेल, तर रॅम बसलेली नाही किंवा यंत्राला ती सापडत नाही. ठरावीक विरामाने तीन बीप येत असतील, तर रॅम सदोष आहे. सुरुवातीचा नाद ऐकू येतो, पण पडदा काळा राहतो, अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसल्यास दोष केवळ मागील प्रकाशाचा असतो. २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमध्ये मात्र पट्टे उमटणे किंवा पडदा कोरा राहणे ही ग्राफिक्स चिप निकामी होण्याची खूण आहे. ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना आणली होती. ती केव्हाच संपली असल्याने असे मॉडेल नव्याने विकत घेणे टाळलेलेच बरे.

प्रश्नचिन्हाचे फोल्डर

पडद्यावर लुकलुकणारे फोल्डर आणि त्यात प्रश्नचिन्ह दिसणे, याचा अर्थ यंत्राला प्रणाली सापडत नाही. बहुतेकजण लगेच नवी डिस्क आणतात. २०१२ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये मात्र डिस्क आणि बोर्ड यांना जोडणारी पातळ केबलच वारंवार निकामी होते. जुनी डिस्क काढून यूएसबीच्या बाह्य पेटीत घालावी व त्याच यंत्राला जोडून ऑप्शन कळ धरून सुरू करावी. यंत्र व्यवस्थित चालले, तर डिस्क निर्दोष असून केबल बदलणे पुरेसे आहे. डिस्कच बिघडत चालली असेल, तर ‘फर्स्ट एड’चे प्रयोग करण्यापूर्वी मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. थंडरबोल्ट किंवा फायरवायर असलेली यंत्रे सुरू करताना टी कळ धरल्यास ती दुसऱ्या मॅकला बाह्य डिस्कप्रमाणे जोडता येतात.

प्रणाली बसवताना घड्याळ पाहावे

कमांड आणि आर या कळा धरून सुरू केल्यास रिकव्हरी उघडते. २०११ आणि त्यानंतरच्या यंत्रांवर शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि आर या कळांनी यंत्रासोबत आलेली मूळ प्रणाली किंवा तिच्या जवळची उपलब्ध प्रणाली इंटरनेटवरून मागवता येते. येथे सर्वांत फसवा अडथळा घड्याळाचा असतो. बॅटरी दीर्घकाळ रिकामी राहिली, की यंत्राची तारीख बऱ्याच वर्षांनी मागे जाते. सर्व्हरची प्रमाणपत्रे त्या तारखेला ‘अजून लागू न झालेली’ ठरतात आणि संपर्क होत नसल्याचा संदेश येतो. रिकव्हरीतील ‘युटिलिटीज’मधून टर्मिनल उघडून ‘डेट’ ही आज्ञा लिहावी आणि तिच्यापुढे महिना, दिवस, तास, मिनिट व वर्ष प्रत्येकी दोन अंकांत, सलग, इंग्रजी अंकांमध्ये द्यावेत. एवढ्याने अडलेले काम पुढे सरकते.

याच्या उलट प्रसंगही येतो. ऑक्टोबर २०१९ पूर्वी उतरवून ठेवलेल्या अनेक इन्स्टॉलरांच्या प्रमाणपत्रांची मुदत त्या महिन्यात संपली. अशी प्रत ‘डॅमेज्ड’ असल्याचे यंत्र सांगते. ॲपलच्या संकेतस्थळावरून त्याच प्रणालीची नवी प्रत घेणे हा सरळ उपाय आहे. डिस्क पुसताना ‘गुइड पार्टिशन मॅप’ निवडावा. एसएसडीवर हाय सिएरापासून एपीएफएस ही रचना आणि त्याआधीच्या प्रणालींसाठी ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड’ ही रचना ठेवावी.

संकेतस्थळे उघडत नसतील तर

३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. तेव्हापासून एल कॅपिटन आणि त्याआधीच्या प्रणालींवर सफारीत असंख्य संकेतस्थळे अडतात. फायरफॉक्स आपली प्रमाणपत्रांची यादी स्वतः बाळगतो, त्यामुळे त्यात ती उघडतात. सिएरा, हाय सिएरा आणि मोहावी यांच्यासाठी फायरफॉक्सची ईएसआर ११५ ही आवृत्ती आहे. क्रोमने हाय सिएरा आणि मोहावीला दिलेली शेवटची आवृत्ती ११६ होती. वायफाय जोडले जात नसेल, तर राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला आहे का ते पाहावे. २०१३ पूर्वीच्या यंत्रांना डब्ल्यूपीए२ लागते. ॲपलचे खाते जुन्या प्रणालीवर उघडत नसल्यास पासवर्डच्या शेवटी, त्याच चौकटीत, फोनवर आलेला सहा अंकी संकेत जोडून लिहावा.

कुठे खर्च करावा

२०१२ च्या बिगर-रेटिना १३ इंची प्रोवर थोडा खर्च केल्यास सर्वाधिक फळ मिळते. त्यात साधी अडीच इंची साटा एसएसडी बसते आणि ॲपलने अधिकृतपणे ८ जीबीच सांगितले असले, तरी १६ जीबी रॅम चालते. रेटिना आणि एअरमध्ये रॅम बोर्डावरच पक्की केलेली असते. ती घेतानाच पुरेशी पाहून घ्यावी. २०१३ ते २०१५ च्या मॉडेलांत एसएसडी बदलता येते, पण तिचे टोक वेगळे असते. टचबार असलेल्या प्रोमध्ये एसएसडीही बोर्डावरच असते. बोर्ड गेला, की मजकूरही गेला.

देवनागरीची सोय

मराठी टंकलेखनासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’मध्ये कळफलकाच्या ‘इनपुट सोर्सेस’ भागात ‘देवनागरी’ आणि ‘देवनागरी क्वर्टी’ असे दोन पर्याय मिळतात. पहिला इनस्क्रिप्ट पद्धतीचा असून दुसरा इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांवर बेतलेला आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधील मजकूर निरर्थक चिन्हांत दिसला, तर तो यंत्राचा दोष नव्हे; मूळ फॉन्ट बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. छपाईची जुनी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी कॅटालिना बसवू नये. त्या प्रणालीपासून ३२ बिटची सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद झाली आहेत. अशा कामाला मोहावी हीच शेवटची मजल.

मर्यादा कोणती

विक्री थांबल्यापासून ५ वर्षे उलटली, की ॲपल यंत्राला ‘व्हिंटेज’ आणि ७ वर्षांनंतर ‘ऑब्सोलिट’ मानते. त्यानंतर अधिकृत सुटे भाग बहुधा मिळत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारणतः शेवटच्या तीन प्रणालींनाच मिळतात. त्यामुळे त्याहून जुन्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नयेत. ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ने अनेक जुन्या यंत्रांवर नवी प्रणाली बसते, मात्र तिला ॲपलची मान्यता नाही. लिनक्स मिंट हा अधिक स्थिर पर्याय ठरतो. वायफायचा ड्रायव्हर मिळेपर्यंत फोन यूएसबीने जोडून इंटरनेट घ्यावे. लेखन, वाचन, संगीत आणि मुलांचा अभ्यास एवढी कामे बारा-पंधरा वर्षांचे यंत्रही नेटाने करते. त्याहून अधिक अपेक्षा असल्यास दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राकडे वळवावा.