घाटाखालचा चारा

रोह्याच्या बाजूला कोणी मेंढरं पाळल्याचं मला आठवत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यात दख्खनी मेंढराची लोकर भिजायची, खूर कुजायचे. तरीही आमच्या आबांना मेंढरांच्या हिवाळी चाऱ्याचं गणित तोंडपाठ होतं.

दिवाळी सरली की पुरंदर, बारामती, फलटणकडचे धनगर घाट उतरायचे. कोणी बोरघाटाने पेणकडे, कोणी ताम्हिणीने कोलाडकडे. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. देशावर रानं वाळत चाललेली असत, तेव्हा आमच्याकडे भातकापणी आटोपून बांधावर हिरवं गवत उभं असे. म्हणजे त्यांची चाऱ्याची कोठारं आमची शेतंच होती.

ओटीवर बोलणी चालत. “कारभारी, आधी वरकसावर या. गरव्यात वाल हाय, तिकडं पाय नको,” असं आबा म्हणत. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास निघे, ते रान पहिलं. मग उशिरा निघणाऱ्या गरव्याची मोकळी शेतं, धस्कटाला आलेला फुटवा. माघ-फाल्गुनात गवत संपलं की झाडांचा पाला, गळालेल्या शेंगा, वालाच्या मळणीनंतर उरलेली टरफलं. कोणत्या झाडाच्या फांद्या तोडायच्या, हेही आधीच ठरे. आंब्याला कोयता लावायचा नाही, ही अट आबा दरवर्षी नव्याने सांगत. म्हातारा मेंढकाही दरवर्षी नव्याने मान डोलावी.

आजीचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. तिकडची शेतं उशिरा सुकायची, म्हणून तिच्या भावांकडे मेंढरं मागाहून जात. ओल्या रानात चरलं की मेंढराच्या काळजात किडा पडतो, असं मेंढका सांगायचा. पुढे वाचनात आलं की तो यकृतातला पर्णकृमी, पाणथळीतल्या गोगलगायींमार्फत पसरणारा. शाळेत न गेलेल्या त्या माणसाचं निदान अगदी बरोबर होतं. सकाळी दव वाळल्याशिवाय तो वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी, उघडत नसे. कोवळ्या उन्हात बसून तो हाताने गवत चाचपून बघायचा. तळवा कोरडा राहिला की मगच जाळीचा खुंटा उपटायचा.

रात्री त्याच वाघुरीत, आमच्या शेतात मेंढरं बसवायची. लेंड्या आणि मूत मिळून जमिनीला जे खत मिळे, त्याचा मोबदला आबा भातात देत. पायलीने मोजताना आबा माप शीग लावून भरायचे. आजी वर सुकट बांधून द्यायची. धनगरीण बाजरीचं पीठ आणून देई, पण आमच्या आजीला तांदळाच्या भाकरीची सवय, बाजरीची काही नीट थापता येत नसे. मग धनगरीणच चुलीपुढे बसायची आणि घरभर वेगळाच खरपूस वास सुटायचा. थंडीत वालाच्या शेंगांची, भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लागली की धनगरांची पोरं आमच्याबरोबर मडक्याभोवती. मटण नसायचं, फक्त शेंगा, बटाटे, अंडी. आजही पोपटी म्हटली की मला ती पोरं आठवतात.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं नेहमीपेक्षा लांबली, असं आजी सांगे. देशावर परत जाऊन खायला घालणार काय? आमच्या उडवीतला पेंढा आबांनी काढून दिला म्हणे. मेंढरं पेंढा आवडीने खात नाहीत, पण त्या वर्षी खाल्ला. आबा स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत, त्यामुळे किती दिला ते विचारू नका.

पुढे रानंच बदलली. मुळशीचं धरण होताना सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे पुस्तकात वाचलेलं. त्याच पाण्यावर १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं, आणि तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येऊन नंतरच्या काळात डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालव्यांत गेलं. कालव्याखाली उन्हाळी भात होऊ लागलं. शेतकऱ्याचं भलंच झालं, आबांनीही दुसरं पीक घेतलं. पण पीक उभं असलेल्या शेतात मेंढरं बसणार कुठे? मग धाटावला कारखाने आले, बांधावर कुंपणं आली, मिश्र खताच्या गोण्या आल्या. धनगर अजून उतरतात, पण आता त्यांना गावागावात रान शोधत फिरावं लागतं.

आणि ज्या माळावर काही पिकत नाही, तिथलं गवत आपणच पेटवतो. जानेवारीपासून डोंगर काळे दिसू लागतात. ज्यांची एकपिकी जमीन आहे, त्यांना माझं सांगणं आहे: वालाच्या तुकड्याला काट्याची वई घाला, उरलेलं रान मोकळं ठेवा, आणि वणवा लावू नका. मेंढका दारात आला तर त्याला बसवून घ्या, भात मोजून द्या. जमीन पुढच्या आषाढात तुम्हालाच परत देईल.