लघुग्रह की ग्रहाची शकले?

1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस दिसली. मंगळ आणि गुरू यांच्यामधली रिकामी जागा एका ग्रहाने भरली, असे वाटते न वाटते तोच ब्रेमेनचे ओल्बर्स यांना 1802 साली जवळपास तेवढ्याच अंतरावर पॅलस सापडली. एका जागी दोन ग्रह कसे? ओल्बर्स पेशाने डॉक्टर. त्यांनी निदान केले की ही फुटलेल्या एका ग्रहाची शकले आहेत.

त्याच वर्षी विल्यम हर्शेल यांनी ‘अ‍ॅस्टेरॉइड’ हा शब्द सुचवला. ग्रीक ‘अ‍ॅस्टर’ म्हणजे तारा. ताऱ्यासारखा दिसतो तो अ‍ॅस्टेरॉइड. दुर्बिणीतून ग्रहाची चकती दिसते, यांचा मात्र नुसता ठिपका. शब्द दिसण्यापुरता बोलतो, जन्माबद्दल मौन पाळतो. मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

कल्पनेतल्या त्या ग्रहाला पुढे नाव मिळाले ‘फेथॉन’. ग्रीक पुराणकथेतला सूर्याचा हा मुलगा. बापाचा रथ त्याला आवरेना, तेव्हा झ्यूसने वज्र फेकून त्याला मारले. आणि गंमत अशी, की आकाशातून पडलेल्या दगडाला आपण म्हणतो ‘अशनी’. संस्कृतात अशनि म्हणजेच इंद्राचे वज्र. बहुतेक अशनी येतात मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातूनच.

लोखंडी अशनी कापून, घासून त्यावर आम्ल लावले की एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. धातू लाखो वर्षे सावकाश निवला तरच ती तयार होते. म्हणजे हे लोखंड कधीकाळी कुणाच्या तरी पोटात होते, ओल्बर्स बरोबरच की! पण या अशनींतल्या निकेल, गॅलियम, जर्मेनियम यांची प्रमाणे एका घराण्याची नाहीत. गाभे अनेक होते आणि ते लहान पिंडांचे होते. शिवाय पट्ट्यातले सगळे वस्तुमान एकत्र केले तरी ते चंद्राच्या जेमतेम 3 टक्के भरते, आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा एकट्या सेरेसचा. गुरूच्या ओढाताणीने इथल्या पिंडांचे वेग वाढले, टकरीत ते जुळण्याऐवजी फुटू लागले. मोठा ग्रह इथे घडलाच नाही.

फुटणे खरे, पण ते लहानांचे. 1918 साली कियोत्सुगु हिरायामा यांनी लघुग्रहांच्या कक्षा ताडून एकाच पिंडातून फुटलेल्या भावंडांची कुळे दाखवून दिली.

मराठीतला ‘लघुग्रह’ आकार सांगतो आणि थांबतो. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी त्याला ‘फुटलेल्या ग्रहाचे तुकडे’ हे शेपूट जोडू नये.