भेटीचा कागद : दक्कन ते कराची, परमिटपासून व्हिसापर्यंत

परदेशी पर्यटनासाठी व्हिसा मागणाऱ्याला आज मुख्यतः एकच गोष्ट पटवून द्यावी लागते, ती म्हणजे आपण परत येणार आहोत. परतीचे तिकीट, बँकेचा तपशील, नोकरीचा दाखला ही सारी त्या एका प्रश्नाचीच उत्तरे होत. हैदराबादकरांना हे सांगावयास नको. २००८ साली बेगमपेठच्या पायगा पॅलेसमध्ये अमेरिकी वकिलात सुरू होईपर्यंत येथील अर्जदार चेन्नईच्या वाऱ्या करीत, आणि चिलकूरच्या बालाजीला तर लोकांनी ‘व्हिसा बालाजी’च करून टाकले आहे. परंतु याच शहरातील आणि पूर्वी त्याच संस्थानात असलेल्या मराठवाड्यातील अनेक मुस्लिम कुटुंबांना जो प्रवास सर्वांत निकडीचा होता, तो कराचीचा. त्या प्रवासाच्या बाबतीत ‘जाऊन परत येणारा पाहुणा’ हे कायद्याला दीर्घकाळ नीटसे मान्यच नव्हते. प्रस्तुत लेखात त्या कागदपत्रांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

फाळणीनंतरचे पहिले काही महिने ये-जा कागदाशिवाय होत असे. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यास परमिट आवश्यक झाले. ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही तीच पद्धत अवलंबिली. ही १९ जुलै तारीख पुढे राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात कायमची नोंदली गेली. गंमत अशी की, त्या दिवशी हैदराबाद संस्थान भारतात नव्हतेच. ‘जैसे थे’ करारावर त्याचा कारभार चालू होता. दोन महिन्यांनी, १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत, पोलिस कारवाई झाली. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या प्रदेशात त्यानंतर सामान्य मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले; तो अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांस पाहावयास मिळाला नाही. या काळात अनेकजण कराचीला गेले. कोणी कायमचे गेले, कोणी वातावरण निवळेपर्यंत, तर कोणी आधी गेलेल्या भावाला पाहण्यासाठी.

हा तिसरा माणूस कायद्याच्या चौकटीत कोठे बसतो? परमिटांचे प्रकार होते : तात्पुरत्या भेटीचे, कायम वास्तव्याचे, कायमचे परतण्याचे. सातव्या अनुच्छेदानुसार १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात ‘स्थलांतर’ केलेला मनुष्य भारताचा नागरिक मानला जात नसे. पुनर्वसनाच्या वा कायमचे परतण्याच्या परमिटावर जो आला, त्यालाच अपवाद. म्हणजे स्वतःच्या घरी तात्पुरत्या परमिटावर परतलेला मनुष्य कागदोपत्री परका ठरण्याचा धोका होता. त्यात निर्वासित मालमत्तेच्या कायद्यांची भर पडली. घरातला कर्ता पुरुष सीमेपलीकडे असेल, तर कस्टोडियन दाराशी येई. ज्याने अद्याप पाऊलही उचललेले नाही, त्यालाही ‘जाण्याच्या बेतात असलेला’ ठरविण्याची तरतूद काही काळ होती. पाहुणा म्हणून जाण्याची किंमत घर असू शकते, हे लोक ऐकून होते, आणि म्हणून कित्येक जण मयतीलाही गेले नाहीत.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिट जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आले. वरवर पाहता ही सुधारणा होती. प्रत्यक्षात जो भारतीय पासपोर्टाविना तिकडे अडकला होता, त्याला स्वतःच्या गावी परतावयाचे तर बहुधा पाकिस्तानी पासपोर्ट काढून त्यावर भारताचा व्हिसा घ्यावा लागे. १९५६ च्या नागरिकत्व नियमांनी परदेशी पासपोर्ट घेणे हाच परकीय नागरिकत्व स्वेच्छेने पत्करल्याचा निर्णायक पुरावा मानला, आणि १९६२ साली इजहार अहमद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरविला. घरी येण्यासाठी काढलेला कागदच घर तोडणारा ठरला! न्यायालयांनी दिलासाही दिला, हे नमूद केले पाहिजे. इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या खटल्यात, परमिटाविना आलेल्या नागरिकाला देशाबाहेर घालविण्याची तरतूद बहुमताने रद्द झाली. १९६२ च्याच आंध्र प्रदेश सरकारच्या एका खटल्यात, नागरिकत्व गेले की नाही हे केंद्र सरकारने ठरविल्याखेरीज राज्याने कोणास हद्दपार करू नये, असे ठरले. खटला लढविण्याची ऐपत किती जणांत होती, हा प्रश्न उरतोच.

उर्दूच्या अध्यापकाला येथे एक घराणे हटकून आठवते. इब्राहिम जलीस १९४८ साली हैदराबाद सोडून पाकिस्तानात गेले. ‘दो मुल्क एक कहानी’ हे त्या अनुभवाचे पुस्तक. त्यांचे थोरले बंधू महबूब हुसेन जिगर येथेच राहिले आणि ‘सियासत’ दैनिकाच्या उभारणीत रमले. धाकटे मुजतबा हुसेन उर्दूतील श्रेष्ठ विनोदकार झाले. जलीस १९७७ साली कराचीत वारले. मुजतबा हुसेन यांचा जपानचा सफरनामा आपण वर्गात हसत हसत शिकवतो. टोकियोचा प्रवास मनमोकळ्या प्रवासवर्णनाचा विषय झाला; कराची मात्र आमच्या पिढीला अर्ज आणि हमीपत्रांतूनच ठाऊक झाली.

१९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग बंद पडला, तो २००६ पर्यंत. या काळात आगगाडीने यावयाचे तर कराचीच्या माणसाला लाहोर-अटारीचा वळसा घ्यावा लागे. १९७४ च्या कराराने भेटीचे व्हिसे पुन्हा सुरू झाले, परंतु ते शहरागणिक होते. जास्तीत जास्त तीन ठिकाणांची नावे लिहावयाची, पोहोचताच पोलिसांत नोंद करावयाची, निघताना पुन्हा. आमच्या नात्यातील एक खाला नव्वदच्या दशकात कराचीहून हैदराबादेस आल्या. व्हिसावर एवढ्या एकाच शहराचे नाव पडले होते. त्यांच्या आईची कबर परभणीस. रात्रीच्या गाडीचा प्रवास. त्या गेल्या नाहीत. घरातल्या कोणी तरी परभणीहून मूठभर माती रुमालात बांधून आणली होती. ती कस्टम्सवाले नेऊ देतील का, यावर दोन दिवस घरात चर्चा चालली, एवढे मला पक्के आठवते. १९९४ साली मुंबईतील पाकिस्तानी आणि कराचीतील भारतीय वकिलात दोन्ही बंद झाल्या, तेव्हा कराचीकरांना अर्जासाठी इस्लामाबाद गाठणे आले.

या दोन देशांच्या कागदांत गटाने जाणाऱ्या पर्यटकांचा व्हिसा अवतरला तो सप्टेंबर २०१२ च्या करारात. ठिकाणे तीनवरून पाच झाली. पासष्टी ओलांडलेल्यांना अटारी-वाघा येथे पोहोचल्यावर व्हिसा मिळेल, असेही ठरले. त्यासाठी १५ जानेवारी २०१३ ही तारीख मुक्रर होती, पण नियंत्रणरेषेवरील घटनांमुळे ती योजना त्याच दिवशी स्थगित झाली. समझौता आणि थर या दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९ मध्ये थांबल्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ एप्रिल २०२५ पासून रद्द केले; वैद्यकीय व्हिसांना आणखी दोन दिवसांची मुदत होती.